रिपोर्ट नॉर्मल, मग हनुवटीवर केस कसे?

नमस्कार. वय २४. कागलजवळच्या गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. गेली चार वर्षं पाळी ५०-६० दिवसांनी येते. हनुवटीवर आणि गळ्यावर राठ केस येतात, दर आठ दिवसांनी थ्रेडिंग करावं लागतं. मान मागून काळी पडली आहे, घासून घासून आग होते पण रंग जात नाही. उंची ५ फूट २ इंच, वजन ५८ किलो, म्हणजे जाड नाही. पोट मात्र सुटलंय, कंबर ३३ इंच. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत १२-१४ 'गाठी' दिसल्या. एलएच १०.८, एफएसएच ५.१, एएमएच ८.९, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक, उपाशीपोटीची साखर ९४, एकूण टेस्टोस्टेरॉन ४८, त्याच्यापुढे 'नॉर्मल' लिहिलंय. डॉक्टरांनी पीसीओडी सांगितला, हार्मोन्सचा बिघाड आहे म्हणाले आणि सहा महिने गोळ्या दिल्या. गोळ्या होत्या तोवर पाळी २८व्या दिवशी. बंद करून चार महिने झाले, पुन्हा पहिले पाढे. आत्ता ७० दिवस झालेत, पाळी नाही. केस गळतात म्हणून बायोटिन चालू आहे. आत्या म्हणते, लग्न झालं की सगळं रांगेला लागतं. माझा प्रश्न एकच : टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आहे, मग नक्की कुठलं हार्मोन बिघडलंय? तेवढंच एक ठीक करता येणार नाही का?

— एक वाचक

---

प्रिय मैत्रिणी,

तेवढंच एक, असं इथे नाही. अनेक हार्मोन्स एकमेकांच्या पायात पाय घालून अडखळतात, आणि त्यांतलं ज्याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं ते इन्सुलिन. पण आधी तुझ्या त्या 'नॉर्मल' टेस्टोस्टेरॉनचा हिशेब करू, कारण गोंधळ तिथेच झाला आहे.

रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन मोकळं फिरत नाही. एसएचबीजी नावाचं एक प्रथिन यकृत तयार करतं, ते त्याला धरून ठेवतं. धरलेलं टेस्टोस्टेरॉन केसाच्या मुळापर्यंत पोचून काही करू शकत नाही. मोकळं असलेलं करतं. तुझ्या रिपोर्टमध्ये दोन्हींची बेरीज आहे. एसएचबीजी मोजलेलंच नाही.

आता आकडे घालून बघ. ४८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे साधारण १.६७ नॅनोमोल प्रति लिटर (४८ला २८.८ने भागायचं). याला एसएचबीजीने भागून १००ने गुणलं की मोकळ्या अँड्रोजनचा (अँड्रोजन म्हणजे पुरुषी म्हटली जाणारी हार्मोन्स, टेस्टोस्टेरॉन त्यांतलंच) निर्देशांक मिळतो. समजा तुझं एसएचबीजी ६० (नॅनोमोल प्रति लिटर) आहे, तर उत्तर २.८. काळजीचं कारण नाही. समजा ते १८ आहे, तर उत्तर ९.३. साधारण ५च्या वर गेलं की ते जास्त धरतात. टेस्टोस्टेरॉनचा आकडा तोच ४८, पण एका मुलीच्या हनुवटीवर केस नाहीत आणि दुसरी दर आठवड्याला पार्लरमध्ये. तुझी मान काळी आहे हे वाचून आमचा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे. तपासल्याशिवाय खात्री नाही, म्हणून तपास.

एसएचबीजी कमी का होतं? रक्तात इन्सुलिन जास्त असलं की यकृत ते कमी बनवतं. आणि इन्सुलिन जास्त का? कारण स्नायू त्याचं नीट ऐकत नाहीत, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काम भागवतं. साखर ९४ राहते, रिपोर्टवर सगळं आलबेल दिसतं. खरी मेख पुढे आहे. स्नायू इन्सुलिनकडे कानाडोळा करतात, पण अंडाशय आणि त्वचा मात्र ऐकतात, आणि आता त्यांच्यापर्यंत पोचणारं इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त असतं. मानेची, काखेतली त्वचा त्यामुळे जाड आणि काळपट, मखमलीसारखी होते. तो मळ नाही. घासणं आजपासून बंद कर. घासल्याने त्वचा आणखी काळी पडते.

अंडाशयात काय होतं ते तुला गुऱ्हाळावरून पटकन कळेल, तू त्याच मुलखातली आहेस. प्रत्येक फॉलिकलला, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पुटिकेला, दोन थर असतात. बाहेरचा थर म्हणजे चरक : तो अँड्रोजन गाळून देतो. हा कच्चा रस प्रत्येक बाईच्या शरीरात लागतोच. आतला थर म्हणजे चुलवणावरची काहील : ती त्या रसाचं इस्ट्रोजेन करते. चरक फिरवतं एलएच, चुलवण पेटतं ठेवतं एफएसएच; ही दोन्ही मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स. तुझ्याकडे एलएच जोरात आहे, शिवाय इन्सुलिनही चरकाला हात लावतं, आणि चुलवणात जळण बेताचंच. रस काहिलीत मावत नाही, उतू जातो. तो उतू गेलेला रस रक्तात उतरतो, आणि त्याला धरून ठेवणारं एसएचबीजीही इन्सुलिननेच कमी केलेलं. एकाच इन्सुलिनचा दोन्हीकडून मार बसतो.

एलएच वाढतं का, हेही सांगायला हवं, कारण चक्र तिथे पूर्ण होतं. मेंदूतून जीएनआरएच नावाचं हार्मोन ठरावीक अंतराने ठोके दिल्यासारखं सुटतं. ठोके भरभर पडले, तासाला एक वगैरे, तर एलएच जास्त बनतं. संथ पडले तर एफएसएचला वाव मिळतो. हे ठोके संथ करण्याचं काम प्रोजेस्टेरॉनचं. प्रोजेस्टेरॉन बनतं बीज बाहेर पडल्यानंतर, रिकाम्या झालेल्या फॉलिकलमध्ये. बीजच बाहेर पडलं नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही, ठोके संथ होत नाहीत, एलएच चढं राहतं, अँड्रोजन जास्त बनतं. वर हे अँड्रोजन मेंदूला प्रोजेस्टेरॉनचा निरोप नीट ऐकूही देत नाही. आता सांग, यातलं 'एक' कुठलं धरायचं?

त्या 'गाठी' मुळात गाठी नाहीतच. २ ते ९ मिलिमीटरवर वाढ थांबलेली फॉलिकल्स आहेत ती. एरवी त्यांतलं एक पुढे जाऊन २० मिलिमीटरच्या आसपास पोचतं आणि फुटून बीज बाहेर पडतं. इथे सगळीच वेशीपाशी थांबलेली. ती काढायची नसतात, 'विरघळवायची' तर त्याहून नसतात. त्यामुळे दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करून 'गाठी कमी झाल्या का' बघणं हा निव्वळ पैशाचा चुराडा आहे. नावानेच घोळ केलाय : पीसीओडी म्हणा वा पीसीओएस, दोन्हींतलं 'पॉलिसिस्टिक' म्हणजे पुष्कळ गाठी असलेलं. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी हा विकार मांडला तेव्हा त्यांना अंडाशयांचं रूप दिसलं, तेच नावाला चिकटलं. ८.९ एएमएचचंही तेच. थांबलेली लहान फॉलिकल्सच एएमएच सोडतात, ती जास्त म्हणून आकडा जास्त. शिवाय एएमएच एफएसएचचा जोर कमी करतं, म्हणजे चुलवणात आणखी पाणी. आणि एलएच एफएसएचच्या दुप्पट आहे म्हणून निदान, ही जुनी पद्धत आता निदानात धरत नाहीत.

मग तुझं निदान बरोबर आहे का? बहुधा हो. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या आणि २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सुधारलेल्या निकषांप्रमाणे तिनांपैकी दोन गोष्टी लागतात : अनियमित पाळी, अँड्रोजन जास्त असल्याची खूण (शरीरावर किंवा रक्तात), आणि सोनोग्राफीत तशी अंडाशयं किंवा प्रौढ बाईत वाढलेलं एएमएच. तुझ्या पहिल्या दोन्ही आहेत, सोनोग्राफीविनाही भागलं असतं. पण दुसरं कारण नाही ना, हे आधी बघायचं असतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन झालं. एक राहिलंय : १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीतला एक जन्मजात दोष अगदी अशीच लक्षणं देतो. ही तपासणी सकाळी, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी करतात; २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आली तर पुढची चाचणी लागते.

त्याच दिवशी एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी दे. गोळ्या चालू असताना हे आकडे निरर्थक असतात, बंद करून तीन महिने जावे लागतात; तुझे चार झालेत, म्हणजे हीच वेळ. बायोटिन मात्र आधी थांबव. केसांच्या गोळ्यांत ते बहुतेकदा १० मिलिग्रॅम असतं, आणि कित्येक प्रयोगशाळांची हार्मोन मोजायची पद्धत बायोटिनवरच चालते. तुझ्या रक्तातलं बायोटिन त्यात ढवळाढवळ करतं : टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) खोटंच कमी येऊ शकतं. (केस गळण्याचं कारण अँड्रोजन असेल तर बायोटिनचा उपयोग तसाही नाही.)

उपाशीपोटीच्या साखरेवर विसंबू नकोस. ग्लुकोजची चाचणी करून घे : रात्रभर उपाशी राहून सकाळी एकदा रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी पुन्हा रक्त. दोन तासांचा आकडा १४०च्या आत हवा. १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर, २०० म्हणजे मधुमेह. कितीतरी जणींची उपाशीपोटीची साखर सुरेख असते आणि ही चढलेली. आधीचे तीन दिवस भात-भाकरी नेहमीसारखी खा, मुद्दाम कमी करू नकोस. सोबत लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब. उपाशीपोटी इन्सुलिन मोजायला कुणी सांगितलं तर ते पैसे वाचव. तो आकडा प्रयोगशाळेगणिक आणि दिवसागणिक बदलतो, त्यावरून उपचार ठरत नाहीत.

आता ७० दिवसांबद्दल, आणि इथे मात्र हयगय नको. बीज बाहेर पडत नसलं तरी इस्ट्रोजेन बनतच असतं, ते गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. अस्तर आवरायचं काम प्रोजेस्टेरॉनचं, ते तर नाही. म्हणून मग कधी दोन महिने काही नाही आणि नंतर पंधरा दिवस अंगावरून जातं. वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तराच्या पेशी बिघडू शकतात, पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. चोविसाव्या वर्षी लगेच काही होत नाही, पण ९० दिवसांच्या पुढे पाळीशिवाय जायचं नाही ही रेघ पक्की धर. आणखी वीस दिवसांत आली नाही तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या देतात, बहुधा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम दहा दिवस. संपल्यावर साधारण आठवड्यात पाळी येते. त्याआधी गर्भधारणेची चाचणी करायला सांगतील. सगळ्यांनाच सांगतात, मनाला लावून घेऊ नकोस. मेडिकलमधून 'पाळी यायची गोळी' स्वतः आणून घेणं मात्र नको.

सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तुला फसवलं असं वाटतंय, ते समजू शकतो. पण त्या काय करतात ते तुला कुणी सांगितलं नाही, चूक तिथे आहे. त्या एलएच दाबतात म्हणजे चरक हळू होतो. त्यातलं इस्ट्रोजेन यकृताला एसएचबीजी जास्त बनवायला लावतं. आणि त्यातला प्रोजेस्टेरॉनचा भाऊबंद अस्तर पातळ ठेवतो. तिन्ही कामं नेमकी तुला हवी ती. पण २८व्या दिवशीची ती पाळी गोळी थांबल्याने येणारी होती, बीज बाहेर पडून आलेली नव्हे. गोळी बंद, चक्र पुन्हा सुरू. गोळ्यांची सवय लागली असं काही नाही, आणि गोळ्यांनी पुढे मूल होत नाही ही तर निव्वळ वावडी.

पुन्हा घ्यायच्या का? केसांचा त्रास मोठा असेल तर आम्ही हो म्हणू. इथिनिल इस्ट्राडायॉल २० ते ३० मायक्रोग्रॅमची साधी गोळी पुरते. ३५ मायक्रोग्रॅम आणि सायप्रोटेरोन असलेली गोळी केसांसाठी सर्रास लिहिली जाते. तिच्यात रक्ताच्या गुठळीचा धोका जास्त, म्हणून ती पहिली नसावी, हे तू विचारू शकतेस. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमचम किंवा नागमोडी रेषा येत असतील, पूर्वी पायात गुठळी झाली असेल किंवा रक्तदाब जास्त असेल, तर डॉक्टरांनी न विचारताही सांग. मग ही गोळीच चालत नाही.

इन्सुलिनच्या बाजूने मेटफॉर्मिन आहे. तुझी उंची-वजन मांडलं तर बीएमआय २३.४ येतो. आपल्याकडच्या लोकांसाठी २३च्या पुढे जास्त धरतात, आणि कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. तुझी ३३ इंच म्हणजे ८४. 'जाड नाही' हे आरशातलं मत झालं. चरबी पोटात साठते तेव्हा काटा फार हलत नाही. मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणाच्या मध्यात ५०० मिलिग्रॅमने सुरू करतात आणि एक-दोन आठवड्यांनी ५००ने वाढवतात. पहिल्याच दिवशी हजार घेतलेल्या मुली तिसऱ्या दिवशी जुलाबाने बेजार होऊन औषध सोडतात, मग 'मला सोसत नाही' म्हणतात. सावकाश विरघळणारी गोळी पोटाला बरी पडते. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी असशील तर ते तपासत जा. केसांवर मात्र तिचा असर तोकडाच.

औषध घे वा नको घेऊ, स्नायूंचे कान उघडणं तुझ्याच हातात आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो. म्हणून नुसतं चालून थांबू नकोस. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं (बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं) आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम : खुर्चीवर न टेकता उठाबशा १० ते १२, तीन वेळा, भिंतीला हात लावून दंड, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. रात्री जेवून लगेच आडवं होण्याऐवजी पंधरा मिनिटं शतपावली.

खाण्यात 'पीसीओएस डाएट' असं काही सिद्ध झालेलं नाही. दूध सोडा, गहू सोडा या फतव्यांमागे धावू नकोस. चहा मोज. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलो. गूळ घातला तरी हिशेब तोच, हे कागलच्या माणसांना सांगणं जिवावर येतं! उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यातलं जे काही प्रथिन ते शेंगदाण्याचं; उपास करायचाच तर दही, शेंगदाणे, राजगिरा पुढे आणि साबुदाणा मागे ठेव. पोहे अर्धे कर, वाटीभर मोड आलेली मटकी घाल किंवा सोबत दोन अंडी. ज्वारीची भाकरी, झुणका, उसळ, पालेभाजी आहे तशी चालू दे. दर महिन्याला कंबर मोज, वजन नंतर. वजन तीन-चार किलोच उतरलं तरी काही जणींची पाळी जवळ येऊ लागते. सगळ्यांची नाही, आणि आली नाही तर तो तुझा आळस नव्हे.

हनुवटीचे केस एकदा राठ झाले की औषधाने मऊ होत नाहीत. नवे येणं मंदावतं, आणि तेही सहा महिन्यांनी कळतं, कारण केसाचं चक्रच तेवढं लांब. म्हणून औषध आणि लेझर जोडीने केलं तर पैसे वसूल होतात. नुसतं लेझर केलं तर मागून रस उतू जातच असतो. स्पायरोनोलॅक्टोन हे दुसरं औषध आहे, पण ते गर्भनिरोधकाशिवाय देत नाहीत, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला त्याने धोका असतो.

आत्याला सांग, मंगळसूत्राने एलएच उतरत नाही. तिला दिसलेलं बहुधा खरंच असेल : पस्तिशीकडे फॉलिकल्स आपोआप कमी होतात तशी बऱ्याच जणींची पाळी नियमित होते, आणि तोवर लग्नही झालेलं असतं. मूल होण्याची भीतीही तिच्या बोलण्यातून येत असेल. बीज बाहेर पडत नाही म्हणजे बीज नाहीत असं नव्हे. उलट साठा भरपूर. गरज पडेल तेव्हा लेट्रोझोल हे पाच दिवसांचं औषध पहिलं देतात, बऱ्याच जणींना तेवढं पुरतं. आणि अधूनमधून बीज आपणहून बाहेर पडतंच, तेव्हा मूल नको असताना 'मला कुठे राहतंय' म्हणून गाफील राहिलेल्या बायकाही कमी नाहीत.

काही महिन्यांत केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाकडून टक्कल पडू लागलं किंवा टेस्टोस्टेरॉन १५०-२००च्या घरात आलं, तर हे पीसीओएस समजून थांबू नकोस. अँड्रोजन सोडणारी गाठ नाही ना, हे लगेच बघावं लागतं. तुझं चार वर्षं सावकाश चाललंय, ते त्यातलं वाटत नाही. आणखी एक : या विकारात उदासी आणि चिंता जास्त आढळतात. झोप उडाली, कशातच मन लागेना, तर तेही डॉक्टरांपुढे काढ. पाळीइतकंच ते या आजाराचं आहे.

पुढच्या भेटीला गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा, कंबरेचं माप आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं ने. पाळी आली, आपली वा गोळीने आणलेली, की तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत रक्त देऊन ये, आणि त्याच्या तीन दिवस आधीपासून बायोटिन बंद.